पिंपघराचं नाक

फान थिएतच्या बंदरामागच्या गल्लीत कुणी नाकाला रुमाल लावला तर खुशाल समजावं, माणूस बाहेरगावचा आहे. गल्लीतल्या माणसाला वास येत नाही असं नाही, त्याला वास कळतो. बोटाएवढी बारकी मासळी आणि मीठ लाकडी पिंपात वर्षभर मुरवलं की खालच्या नळातून मधाच्या रंगाचा अर्क उतरतो, आणि ही गल्ली चार पिढ्या त्याच अर्कावर जेवते आहे. त्यामुळे इथे नाक चेहऱ्यावर असलं तरी ते धंद्याच्या मालकीचं असतं. खिएमच्या पिंपघराचं नाक म्हणजे त्याची मोठी बहीण, ताम.

ताम म्हणजे आठ. आमच्याकडे पोरांना नंबरानं हाक मारतात आणि पहिल्या पोराला 'दोन' म्हणतात, म्हणजे भुताखेतांना थोरलं पोर कुठलं ते सापडत नाही. भुतं गणितात कच्ची असावीत. तर ताम ही सातवी असून आठ. तिचं लग्न झालं नाही. बापानं मरताना पिंपघर धाकट्या खिएमच्या नावावर केलं, आणि नाक कागदावर चढवता येत नसल्यामुळे ते तामकडेच राहिलं. वाटणी झाली ती एवढीच. चोवीस पिंपांपैकी कुठल्याचं झाकण उघडलं हे ती पाठमोरी उभी राहून सांगायची. नळाखाली तळहात धरायची, हातावरचा थेंब चाटायची आणि म्हणायची, "अजून वीस दिवस." मग वीस दिवस. त्यावर ब्रह्मदेवाचीही सही लागत नव्हती.

साठीला दोन वर्षं कमी असताना तिला शौचातून रक्त जायला लागलं. वर्षभर तिनं ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं, कारण मूळव्याध घरातल्या घरात लपवता येते. शेवटी सायगावच्या इस्पितळात नेलं तेव्हा आत गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी खालची वाट कापून, शिवून कायमची बंद केली आणि बेंबीच्या डाव्या अंगाला आतड्याचं टोक बाहेर काढून नवीन दार उघडलं. त्या दारावर पिशवी.

तिथली दिएप नावाची नर्स लेकीच्या वयाची होती आणि सासूसारखी बोलायची.

"मावशी, बघा त्याच्याकडे. मान काय फिरवताय. तुमचंच आहे ते."

"माझं असतं तर आत असतं."

"आता बाहेर आहे. लाल आहे, ओलं आहे, म्हणजे तब्येत चांगली आहे त्याची. पुसताना टिपूस रक्त आलं तर बोंब मारायची नाही. काळं पडलं तर मात्र मारायची."

ताम शिकली. काम हातचं असलं की ती शिकायचीच. पिशवी पोटाला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीला भोक बरोबर आतड्याच्या त्या तोंडाएवढं कापायचं, सैल ठेवलं तर मळ कातडीला लागून कातडी जळते. कोमट साध्या पाण्यानं धुवायचं, फडक्यानं टिपून कोरडं करायचं, चकती तळहाताच्या उबेनं जरा मऊ करायची आणि दाबून धरायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, फुगायची वाट बघायची नाही. चकती तीन-चार दिवसांनी बदलायची, तीही सकाळी काही खायच्या आधी, तेव्हा आतडं झोपलेलं असतं. आणि तीन महिने भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, नाहीतर पोटाचा शिवलेला पडदा त्या तोंडाशेजारी फाटतो आणि आतडं कातडीखाली येऊन बसतं.

"कळलं?" दिएपनं विचारलं.

"कळलं. मला पिंपघरात कधी जाता येईल?"

"तिथे काय करता तुम्ही?"

"वास घेते."

दिएप हसली. तामला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. घरी आल्यावर कळलं.

पाच आठवड्यांनी ती घरी आली. पहिल्याच जेवणाला खिएमची बायको थोआ हिनं स्वागत केलं ते असं. ताट जमिनीवर, भोवती सगळे, आणि मधोमध अर्कात मिरची-लसूण-लिंबू घातलेली वाटी. जो तो आपला मासा त्याच वाटीत बुडवतो, अशीच इथली रीत. वाटी एक म्हणजे घर एक. थोआनं तामच्या गुडघ्यापाशी दुसरी, छोटी वाटी ठेवली.

"वन्सं, तुम्हाला वेगळी. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय ना."

"कुणाला जपायला?" ताम म्हणाली.

खिएमनं भातात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

तामची खोलीही हलवली होती, मागच्या अंगणाकडे. "न्हाणीघर जवळ पडेल," थोआ म्हणाली, आणि ते खरंही होतं. थोआची ही खुबी होती, तिचं प्रत्येक वाक्य वेगळं काढून बघितलं तर खरंच असायचं.

पिंपघरात जायला कुणी अडवलं नाही. तिथले नियम बापजाद्यांनी घालून दिलेले. सुतकात झाकण उघडायचं नाही, पोटुशी बाईनं शिडी चढायची नाही. पोटावर पिशवी असलेल्या बाईबद्दल बापजादे काहीच बोलून गेले नव्हते. ते ठरवायचं काम मागच्यांवर आलं.

अकराव्या दिवशी ताम उशी घेऊन पिंपघरात एका कुल्ल्यावर बसली होती, कारण खालची शिवण अजून दुखत होती. तिनं मान वर केली. मग उठून पिंपांच्या रांगेतून चालत गेली आणि चौदा नंबरपाशी थांबली. चौदा नंबर सगळ्यांत लहान पिंप. ती इस्पितळात असताना खिएमनं ते एकट्यानं भरलं होतं.

"खिएम, चौदाला मीठ कमी पडलंय."

"तराजूवर मोजून घातलंय, ताई."

"कुठलं मीठ?"

"नवीन. मिठागरातून आलेलं."

तामनं डोळे मिटले. मीठ कोठीत वर्षभर ठेवतात, त्यातलं कडू पाणी गळून जातं, मग वापरतात. यंदा तर मिठागरावर अवकाळी पाऊस पडून गेलेला. ओलं मीठ तराजूत घातलं की तराजू पाण्यालाही मीठच म्हणतो.

"वास येतोय त्याला," ती म्हणाली. "गोडसर, मिळमिळीत. सडायला लागलंय. पंधरा दिवसांत कोरडं मीठ पडलं तर वाचेल."

थोआ दारात बाटल्या पुसत होती. ती पुसतच राहिली.

"वास तर आम्हालाही येतोय, वन्सं. तुम्ही आलात तेव्हापासून. म्हटलं, बोलायचं कसं."

म्हातारा गडी साऊ शिडीवर होता. साऊ म्हणजे सहा, पण वेगळ्या घरातला. त्याचीही नजर तामच्या सदऱ्याच्या डाव्या बाजूवर गेली आणि शहाण्या माणसासारखी लगेच परत आली.

ताम न्हाणीघरात गेली. सदरा वर करून पाहिलं, चकती चिकटलेली, कडा कोरड्या, पिशवीचा चिमटा बंद. तरी तिनं सगळं धुतलं आणि नवीन लावलं. संध्याकाळी परत बदललं.

माणसाला डोळे गेले तर काठी मिळते. नाकावरचा भरवसा गेला तर काय करायचं, याची सोय तामकडे नव्हती. चाळीस वर्षं ज्या नाकानं ती दुसऱ्यांचं खरं-खोटं करत आली, ते नाक आता तिला सांगत होतं की चौदा नंबर सडतंय, आणि चार माणसं सांगत होती की तू सडते आहेस. चारजणांचं खरं मानायची आपल्याकडे पद्धत आहे. तिनं खाणं तोडलं. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. कोबी बंद, रताळं बंद, सुकी कोलंबी बंद. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा तिचा साधा हिशेब. आतडं मात्र उपाशीपोटीही वायू करत राहिलं आणि पिशवी फुग्यासारखी फुगत राहिली. चकती दिवसातून दोनदा ओढून काढल्यामुळे भोवतीची कातडी सोलून निघाली, आणि सोललेल्या, ओलसर कातडीवर पुढची चकती चिकटेना. तेव्हा कुठे तिनं दिएपला फोन लावला.

"किती वेळा बदलताय?"

"दोनदा."

"आठवड्यातून. छान."

"दिवसातून."

"मावशी, तुम्ही कांदा सोलताय का पोट? कुणी सांगितलं हे?"

"वास येतो म्हणतात."

"कोण म्हणतात?"

घरातल्या माणसांची नावं परक्याला सांगायची तामला सवय नव्हती.

"नीट ऐका. पिशवी बंद आहे आणि चकती घट्ट आहे तर वास बाहेर येत नाही. रिकामी करताना येतो, तो सगळ्यांनाच येतो, राजालाही येतो. एरवी वास आला तर गळती शोधायची. गळती नसेल तर तो वास तुमचा नाही. दुसऱ्या कुणाचा आहे ते शोधा. आणि जेवा आधी. कातडीवर आम्ही दिलेली भुकटी लावा, जास्तीची झटकून टाका, मग चकती. चार दिवस हात लावायचा नाही."

दुसऱ्या कुणाचा आहे ते शोधा. एवढं तर तामला येत होतं.

चौथ्या दिवशी, कातडी जरा धरल्यावर, ती समुद्राकडे चालत गेली. उपड्या होड्यांच्या पलीकडे, जिथे कुणी नव्हतं, तिथे बसली. सदऱ्यात नाक खुपसून, गळ्यापाशी, पोटापाशी, तिनं स्वतःचा वास घेतला, जसा पिंपाचा घ्यायची तसा. घाम होता. भुकटी होती. बाकी काही नव्हतं. पिशवी भरेपर्यंत बसली आणि पुन्हा घेतला. नाही. मग उठून घरी आली, सरळ पिंपघरात, चौदा नंबरसमोर. तो वास तिथेच होता, गोडसर आणि मिळमिळीत, आधीपेक्षा जाड झालेला.

तिनं खिएमला अंगणात गाठलं.

"वास माझा नाही. चौदाचाच आहे. समुद्रावर जाऊन बघून आले."

"समुद्रावर वारा असतो, ताई."

"मग चल, मी इथे अंगणात थांबते. तू आत जाऊन झाकण उघड आणि वास घे."

खिएम हलला नाही. आणि तो हलला नाही तेव्हा तामला कळलं. त्याचं नाक काही लाकडाचं नव्हतं, त्याच बापाचं होतं. त्यानं झाकण केव्हाच उघडून पाहिलं होतं. पण चौदा सडलं म्हटलं तर ते खिएमनं सडवलं, ओल्या मिठानं, ताम नसताना, पहिल्यांदाच एकट्यानं. आणि तामला वास मारतो म्हटलं तर कुणाचंच काही चुकलं नव्हतं, देवाची करणी होती. बिचारा कुठलं निवडणार.

"तू आराम कर, ताई," तो म्हणाला. "आजारी माणसाला भलतेसलते भास होतात."

पंधरापैकी आठ दिवस गेले होते.

दुपारी बारा ते दोन आमची गल्ली झोपते. जेवण झालं की पंखा, झोपाळा, घोरणं. कुत्रीसुद्धा ताणून देतात. त्या वेळात ताम कोठीत शिरली. जुनं, कोरडं मीठ मागच्या भिंतीला रचलेलं होतं. तिनं अर्धी बादली भरली. भरलेली किटली किती आणि अर्धी बादली किती याचा विचार तिनं मुद्दाम केला नाही. डावा हात पोटावर त्या तोंडाशी दाबून धरून, उजव्या हातात बादली घेऊन ती चौदाची शिडी चढली, झाकण सरकवलं आणि मीठ चौफेर पसरलं. खाली आली. दम घेतला. पुन्हा अर्धी बादली.

असं सहा दिवस, रोज दोन खेपा. आता, पिंपात वरून टाकलेलं मीठ वरच राहतं. ते खाली उतरवायला नळातून अर्क काढून पुन्हा वरून ओतावा लागतो, आणि ते काम रोज सकाळी साऊ करायचा. म्हणजे काल नव्हतं ते मीठ आज वर पसरलेलं साऊला दिसत होतंच. दुसऱ्या दिवशी त्यानं तामला अंगणात बघितलं आणि म्हणाला, "चौदावर जरा जास्त ओततोय हल्ली."

"ओत," ताम म्हणाली.

"मी काही बघितलेलं नाही."

"तुझे डोळे कधी चांगले होते, साऊदादा."

म्हातारा खूश होऊन गेला. तामलाही बरं वाटलं. घरी आल्यापासून कुणीतरी आपल्या बाजूला आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

सहाव्या दिवशी दुसऱ्या खेपेला, ती पिंपावर ओणवी होऊन मीठ पसरत असताना खालून आवाज आला.

"वन्सं. काय करताय तिथे?"

थोआ उभी होती, झोपेतून उठून आलेली, केस मोकळे. झाकण उघडं, आणि पिशवीवाली नणंद पिंपात वाकलेली. तिला दिसायचं ते दिसलं.

"मीठ घालतेय." तामनं बादली तिरकी करून दाखवली.

थोआनं बादलीकडे पाहिलं, मग तामच्या पोटाकडे. "म्हणजे काहीतरी सांडलं. आणि आता मिठानं झाकताय."

इतक्या पटकन इतकं पक्कं खोटं रचणं कुणाला जमत नाही. थोआ खोटं बोलत नव्हती, तिला तसं मनापासून वाटलं. ताम शिडीवरून उतरेपर्यंत खिएम उठून आला होता, साऊही आला होता.

"साऊदादा," ताम म्हणाली, "किती दिवस मीठ पडतंय चौदात, सांग याला."

साऊनं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मला काय ठाऊक, ताम. मी सांगितलेलं ओततो."

बाजू बदलली म्हणावं तर तसंही नाही, तो बिचारा कुणाच्याच बाजूला नव्हता. त्या वयात दुसरं काम कोण देतं.

खिएमनं आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. म्हणाला, "ताई, यापुढे तू पिंपघरात येऊ नको. लोक आपला माल तोंडात घालतात." मग त्यानं दारापाशी उदबत्त्यांचा जुडगा लावला, पिंपघराच्या देवाला फळं आणि उकडलेली कोंबडी ठेवली, आणि चौदाबद्दल माफी मागितली. माफी कुणाच्या वतीनं, ते देवाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि मग झालं असं की वास गेला.

लगेच नाही. आठवड्यानं कमी झाला, बाराव्या दिवशी पार गेला. तामनं सहा दिवसांत घातलेलं मीठ साऊनं रोज ओतलेल्या अर्काबरोबर खाली उतरलं, सडणं थांबलं, मासळी पुन्हा सरळ मुरायला लागली. मीठ हे असं मुकाट काम करतं. पण गल्लीनं बघितलं ते एवढंच: ताम पिंपघरात होती तेव्हा वास होता, ताम बाहेर काढली आणि वास गेला. याच्याहून धडधडीत पुरावा कोर्टातही मिळत नाही. शेजारणी थोआला म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर कळलं." थोआ म्हणाली, "त्यांचा काय दोष. दुखणंच तसलं." त्यावर शेजारणींनी तिला साध्वीच म्हटलं.

ताम हे मागच्या खोलीच्या खिडकीतून ऐकायची. ओरडून सांगावं असं एकदा वाटलं. पण सांगायचं काय, की वास गेला कारण मी मीठ घातलं? मीठ घातलं हे तर तिच्यावरच्या आरोपातच बसलेलं होतं.

तपासणीला सायगावला गेली तेव्हा दिएपनं तिला उभं करून खोकायला लावलं. पोटावरच्या त्या तोंडाच्या शेजारी मुठीएवढा फुगवटा वर आला.

"काय उचललंत?"

"मीठ."

"किती?"

"लागत होतं तेवढं."

दिएपनं मान खाली घालून रुंद पट्टा काढला, पिशवीपुरतं भोक असलेला, आणि निजवून तिच्या पोटाला बांधला. "हा आता कायम. उठायच्या आधी निजूनच बांधायचा. दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पिशवीत काही येईनासं झालं तर त्याच दिवशी इकडे." मग हळूच विचारलं, "तो वास कुणाचा होता, सापडलं?"

"मला सापडलं," ताम म्हणाली.

पुढच्या साली चौदा उघडायचं ठरलं तेव्हा सायगावच्या व्यापाऱ्याचं येणं दोन दिवसांवर आलं होतं. माल पहिल्या प्रतीचा का दुसऱ्या, ते ठरवून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या. इतकी वर्षं ते कुणी ठरवलं, हे खिएमला आठवत होतं. सकाळी तो मागच्या अंगणात आला. हातात वाटी.

"ताई, जरा चाखून सांग."

ताम पट्टा बांधून पायरीवर बसली होती. "नळाशी येते. वाटीतला शिळा असतो. मी नळाशीच चाखते, माहीत आहे तुला."

"आता लोकांसमोर कुठे." खिएमनं वाटी पुढे केली. "इथेच सांग ना. तुझं खरं असतं हे मला कळत नाही का?"

"कळतं तुला. म्हणून तर म्हणते, नळाशी येते."

खिएम उभा राहिला. घरात थोआ कुणाशी तरी बोलत होती, तिकडे त्याचा कान गेला, परत आला. "ते नको, ताई."

"मग तूच चाख."

त्यानं बोट बुडवलं, चाटलं, आणि चाटून तामच्या तोंडाकडे बघायला लागला. दहा वर्षांचा असल्यापासून तो हेच करत आला होता. जीभ त्याची, उत्तर तिच्या चेहऱ्यावर. आज चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बरा वाटतोय," तो म्हणाला.

"मग बरा असेल."

"पहिल्या प्रतीचा?"

"जिच्या वासानं पिंप नासतं, तिला चवीचं काय विचारतोस?"

खिएमच्या मानेवर लाली चढली. वाटी दोन्ही हातांत धरून तो वळला.

उन्हात वाटी चमकली तेव्हा तामला रंग दिसला. उशिरा पडलेल्या मिठाचा अर्क असाच असतो, स्वच्छ पण पातळ, वर किंचित हिरवट झाक. दुसरी प्रत, तीही ओढूनताणून. पहिल्या प्रतीची चिठ्ठी लावून हा माल गेला तर व्यापारी वाटी नाकाशी नेईल, काही न बोलता खाली ठेवेल, आणि पुढच्या सालापासून शेजारच्या दारात उभा राहील. चिठ्ठीवर नाव अजून बापाचंच छापलेलं होतं.

खिएम अंगण ओलांडत होता. हाक मारली असती तर थांबला असता. तिनं मारली नाही.